हाताने आवळलेला नट

विमानातली वीज गेली म्हणून इंजिन बंद पडत नाही. हे मी कारखान्यातल्या कितीतरी जणांना समजावून सांगितलं आणि एकालाही ते पटलं नाही. माणसं ऐकून घेतात, मान डोलावतात आणि शेवटी विचारतात, “मग तुम्ही खाली कसे आलात?” जसा काही मी झाडावर अडकलो होतो. पुढे मी सांगणंच सोडून दिलं. आता लिहितो आहे तेही कुणाला पटवायला नाही. ज्यांनी ती संध्याकाळ वर्षानुवर्षं स्वतःच्या नावावर खपवली ते मालक आता राहिले नाहीत, आणि माझा राग मात्र ठणठणीत आहे.

पन्नास सालानंतरचे दिवस. मुंबई-पुणे रस्त्याला पिंपरीच्या आसपास एकेका कारखान्याचं कुंपण पडू लागलं होतं. जिकडे तिकडे खणलेली जमीन, सिमेंटच्या गोण्या आणि बिऱ्हाड डोक्यावर घेऊन आलेली माणसं. कुणी साताऱ्याकडचं, कुणी नगरचं, कुणी मराठवाड्यातलं. मी कोकणातला. पण त्यांच्यात आणि माझ्यात एक फरक होता आणि त्या फरकाची मला भारी ऐट होती. ती माणसं मशीनवर उभी राहायला आली होती. मालकांकडे स्वतःचं विमान होतं आणि मी त्याचा पायलट होतो.

लढाईच्या दिवसांत विमानांची इंजिनं पुसायला म्हणून मी भरती झालो होतो. लढाई संपल्यावर एका फ्लाइंग क्लबात सरकारी मदतीवर उडायला शिकलो. घरच्यांना वाटलं मुलगा आता साहेब झाला. साहेब कसला! लढाईतून मोकळे झालेले पायलट तेव्हा पैशाला पासरी होते. विमान कंपन्या सरकारने हातात घेतल्या तशी तीही दारं बंद झाली. अशात ही नोकरी मिळाली. आणि पायलटचं लायसन्स म्हणजे काही रेशनकार्ड नव्हे की एकदा मिळालं आणि फडताळात ठेवलं. उडत राहिलं तरच ते जिवंत राहतं. ही नोकरी गेली तर उडणं गेलं, उडणं गेलं तर लायसन्स गेलं, आणि लायसन्स गेलं की मी पुन्हा इंजिन पुसणारा. हे मला माहीत होतं. मालकांना माझ्याहून चांगलं माहीत होतं.

विमान अमेरिकन होतं. एका इंजिनाचं, चार माणसांचं, दिसायला मोठं देखणं. उडाल्यावर त्याची चाकं पोटात मिटायची आणि उतरायच्या आधी विजेच्या मोटरीने बाहेर यायची. मालकांना त्याचा उपयोग काय होता ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मुंबईला ते मोटारीनेच जात. कारण त्यांना उंचावर मळमळायचं. पण पाहुणा आला की कारखान्याआधी त्याला विमान दाखवलं जाई. रहाटणीच्या शिवेला लागून त्यांनी एक माळ घेतला होता, त्यावर रोलर फिरवून धावपट्टी केली होती आणि कडेला पत्र्याची शेड बांधली होती. माळाच्या टोकाला शमीचं जुनं झाड होतं. आसपासच्या गावांतली माणसं दसऱ्याला तिथेच सोनं लुटायला येत. त्यांची ही वहिवाट मोडायची नाही, असं जमीन घेताना ठरलं होतं. मालक त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेत.

दसऱ्याच्या चार दिवस आधी मी विमान घेऊन एक चक्कर मारली, तेव्हा जनरेटरचा काटा थरथरताना दिसला. खाली आल्यावर कारखान्याच्या विजेच्या मिस्त्रीला बोलावलं. हा मराठवाड्यातून आलेला गडी, बोलायला गोड आणि कामाला बेताचा. त्याने इंजिनाचं झाकण उघडून बोट आत घातलं.

“साहेब, हितला नट ढिला झालाय बगा. वायरीचं टोकबी चिरलंय. नवं टोक आणून बसवतो.”

“कधी?”

“आणतो की पुण्याहून. घाई हाय का?”

घाई नव्हती. दसऱ्यानंतर मुंबईहून एक पाहुणा आणायचा होता, तोवर होईल, असं मी धरून चाललो. नवं टोक आलं ते खंडेनवमीच्या सकाळी. आणि मी शेडवर गेलो तर मिस्त्रीची सगळी हत्यारं तांबड्या कापडावर मांडलेली! पाने, पक्कड, हातोडी, स्क्रू-ड्रायव्हर, सगळ्यांना हळदकुंकू आणि वर झेंडूची फुलं. विमानाच्या पंख्याला हार घातलेला, चाकाखाली नारळ फोडलेला. मालकांनी स्वतः सोवळं नेसून पूजा केली होती. कारखान्यातही तेच. लेथपासून टाइपरायटरपर्यंत सगळं पूजेत बसलेलं. हत्यार एकदा पूजेत मांडलं की दसऱ्याचं सोनं वाटून होईतो उचलायचं नाही, हा नियम आमच्याकडे अगदी लहान पोरालाही पाठ असतो. कोकणात माझे वडील त्या दिवशी कोयतीलाही हात लावू देत नसत. तेव्हा मीही ते नवं टोक फडक्यात बांधून ठेवलं.

त्या संध्याकाळी गावातली माणसं विमान बघायला लोटली. मालकांनी फर्मान सोडलं, पंखांच्या टोकांचे लाल-हिरवे दिवे लावा, पुढचा मोठा दिवाही लावा. मी म्हटलं बॅटरी उतरेल. ते म्हणाले, “पायलटसाहेब, आज तिचाही सण आहे, उजळू द्या.” जमलेली माणसं हसली. दिवे जळत राहिले, बायका लेकरांना उचलून दाखवत राहिल्या, आणि बॅटरीचा जीव त्या कौतुकात गेला. सकाळी मी स्टार्टर दाबला तर पंखा म्हाताऱ्यासारखा कुरकुरत कसाबसा एकदाच फिरला.

आणि त्याच सकाळी मालकांच्या डोक्यात आलं की यंदाचं सीमोल्लंघन विमानातून करायचं. चाकणच्या पुढे भीमा ओलांडायची, तालुक्याची शीव खालून जाताना बघायची आणि परत येऊन लोकांना सोनं वाटायचं. सोबत बाईसाहेब. मी त्यांना शेडमध्ये नेलं, काटा कसा थरथरतो ते सांगितलं, नट ढिला आहे, वायरीचं टोक चिरलेलं आहे, बॅटरी उतरली आहे, सगळं सांगितलं. उद्या जाऊ म्हटलं.

“दसऱ्याचं सीमोल्लंघन दसऱ्यालाच होतं,” ते म्हणाले. “उद्या केलं तर ती सहल झाली.”

“मग मिस्त्रीला एक पाना तेवढा उचलू द्या. अर्ध्या तासाचं काम आहे.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवीच्या अंगावरचा दागिना मागितला होता. “पूजेतलं हत्यार? वर्षभराचा धंदा त्याच्यावर चालतो, पायलटसाहेब. तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला काय त्याचं!”

शेवटी मिस्त्रीनेच तोड काढली. बोटांना फडकं गुंडाळून त्याने तो नट हाताने आवळला. पूजा मोडली नाही, नटही फिरला, सगळे खूश. “लई गच्च बसला बगा,” मिस्त्री म्हणाला. आम्ही पंखा हाताने फिरवून इंजिन चालू केलं. काटा सरळ उभा राहिला. मी बराच वेळ इंजिन तसंच चालू ठेवून काट्याकडे बघत बसलो, तो हलला नाही. हाताने आवळलेला नट जमिनीवर बसतोच. त्याची परीक्षा वर असते.

आता कुणी म्हणेल, तुम्ही नाही म्हणायचं होतं. पायलटने नाही म्हटलं की विमान उडत नाही. बरोबर आहे. असं म्हणणाऱ्याने एकदा घरात खाणारी तोंडं ठेवून, बाहेर रिकामे पायलट रांगेत उभे असताना, मालकासमोर नाही म्हणून दाखवावं. मग आपण बोलू.

दुपार कलल्यावर निघालो. मालक माझ्या शेजारी पुढे बसले, डोक्याला जरीचा फेटा. बाईसाहेब मागे, मांडीवर आपट्याच्या पानांची टोपली. बाई याच भागातल्या, चऱ्होलीकडच्या जुन्या शेतकरी घरातल्या. मालक मात्र मूळचे शहरातले. लग्नानंतर त्यांनी बाईंना शुद्ध बोलायला शिकवणारी बाई लावली होती म्हणे. चारचौघांत त्या इतकं जपून बोलत की ऐकणाऱ्याला अवघडायला होई.

इंद्रायणी ओलांडली तोवर सगळं झकास होतं. ज्वारी नुकती उगवून आली होती, माळावर अजून हिरवं होतं. मालकांना मळमळलं नाही म्हणून ते खुशीत होते. चाकणचा किल्ला खाली आला, पुढे भीमेचं वळण चमकलं, आणि मालकांनी दोन्ही हात जोडून “झालं सीमोल्लंघन” म्हटलं. मी विमान वळवलं. वळतानाच काटा एकदा उडी मारून शून्यावर पडला. रेडिओत घरघर झाली आणि तो गप्प झाला. नट सुटला होता आणि उतरलेल्या बॅटरीत धरून ठेवायला काहीच नव्हतं.

मी एकेक करून सगळी बटणं बंद केली. बॅटरीत काही धुगधुगी उरली असेल तर ती चाकांसाठी राहावी म्हणून. मालकांनी ते पाहिलं.

“काय झालं?”

“वीज गेली. काळजीचं कारण नाही. इंजिनाची ठिणगी वेगळी असते, ती बॅटरीवर नाही. इंजिन चालत राहील.”

“वीज गेली म्हणजे? पंखा थांबणार?”

“नाही थांबणार. बघा, फिरतोय.”

त्यांनी बघितलं नाही. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. कारखान्यात वीज गेली की पट्टे थांबतात, लेथ थांबतात, सगळीकडे एकदम शांत होतं. त्यांच्या डोक्यात तेच बसलं असणार. इंजिन कानाशी गर्जत होतं आणि हा माणूस ते थांबायची वाट बघत होता.

मला खरी काळजी होती ती चाकांची. लोहगावला लांबलचक डांबरी धावपट्टी होती, पण त्या बाजूला परतीच्या पावसाचे काळे ढग उभे राहिले होते आणि रेडिओ नसताना लष्कराच्या विमानतळावर न विचारता घुसायचं माझं धाडस नव्हतं. आपला माळच बरा होता. पिंपरी दिसू लागली तसं मी चाकांचं बटण दाबलं. पायाखाली मोटर गुरगुरली, काहीतरी हललं, आणि मध्येच बंद पडलं. चाकं ना आत, ना बाहेर. तशी उतरलो असतो तर पोटावर घसटत गेलो असतो, आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना पेट्रोलच्या टाक्या भरलेल्या होत्या.

यावर उपाय असतो. विमान बनवणाऱ्यांनी ही वेळ येणार हे धरलेलं असतं. पुढच्या दोन सीटांच्या मागे, खाली, एक दांडा होता. तो काढून हाताने फिरवत राहायचं, म्हणजे चाकं हळूहळू खाली येतात. विमान सांभाळत एकट्याने ते करणं फार कठीण. शेजारच्या माणसाने वळून केलं तर सोपं.

“मालक, मागे वळा आणि तो दांडा फिरवा. मी सांगतो कसा ते.”

त्यांनी उत्तर म्हणून माझा हात धरला. ज्या हाताने सुकाणूचं चाक धरून मी विमान चालवत होतो तोच हात. आणि खेचू लागले. “खाली घ्या, इथेच शेतात घ्या, आत्ताच्या आत्ता खाली घ्या.” विमान एका कुशीवर कलंडलं. मागे टोपली सांडली. मी तोंडाने सांगून पाहिलं. मग डाव्या हाताने त्यांच्या मनगटावर फटका मारला आणि ओरडलो, “हात काढ! मरायचं आहे का?” हात काढ म्हणालो. काढा नाही. तो एक शब्द मी उच्चारला तेव्हाच माझी नोकरी संपली होती, फक्त मला ते जमिनीवर आल्यावर कळणार होतं.

त्यांनी हात काढला आणि दाराची मूठ धरून डोळे मिटून घेतले. ओठ हलत होते. फेटा पुढे घसरून एका डोळ्यावर आला होता. तोही त्यांनी सावरला नाही. गालावरून पाणी वाहत होतं.

“मला सांगा,” मागून आवाज आला. “कुठल्या अंगानं फिरवायचं त्ये सांगा. माज्या हातात बळ हाय.”

शिकवणारीने शिकवलेलं सगळं गळून पडलं होतं. मी सांगितलं, घड्याळाच्या उलट फिरवा, जड होऊन अगदी थांबेपर्यंत. चाकं उतरल्याचा दिवा लागणार नाही, त्यामुळे कुठे थांबायचं ते हातालाच कळेल. त्या खाली वाकल्या. दांडा अडचणीच्या जागी होता, फिरवताना दर वेळी हाताची पेरं सीटच्या लोखंडाला घासायची. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी माळाभोवती मोठा फेरा धरला.

“अजून हलतंय,” त्या म्हणाल्या. मग बऱ्याच वेळाने, “अजून.” मग, “थांबलं. न्हाई फिरत आता.”

“जोर लावून बघा.”

“न्हाई फिरत म्हणते ना!”

मी माळावर नजर टाकली आणि माझ्या तोंडून शिवीच गेली. धावपट्टी माणसांनी भरली होती. आम्ही उतरल्यावर लोकांनी माळावर यायचं असं ठरलं होतं. पण रहाटणीची, पिंपळे गुरवची, इकडची तिकडची सगळी माणसं विमान उतरताना बघायला आधीच आली होती, ढोल घेऊन, आपट्याच्या फांद्या घेऊन. रेडिओ असता तर शेडमधल्या माणसाला सांगता आलं असतं, मोठा दिवा असता तर उघडझाप करून इशारा देता आला असता. आता मी फक्त खाली जाऊन घाबरवू शकत होतो. पहिल्यांदा खालून गेलो तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यांदा गेलो तर त्यांनी आमच्यावर सोनं उधळलं. त्यांना वाटलं मालकांनी खास त्यांच्यासाठी खेळ मांडलाय.

त्या फेरीत मात्र माझं एक काम झालं. सूर्य खाली आला होता आणि विमानाची सावली डावीकडे माळावर लांब पडली होती. सावलीच्या पोटाखाली तिन्ही चाकं सरळ, पूर्ण उतरलेली दिसली. इतकं बरं मला आयुष्यात फार थोड्या वेळा वाटलं आहे.

तिसऱ्या खेपेला मी इतका खाली आलो की बाप्यांनी पागोटी धरली आणि सगळे पळत सुटले. शिव्या मला ऐकू येत नव्हत्या, पण तोंडं दिसत होती. पट्टी मोकळी झाली. वेग कमी करायला पंखांच्या मागचे पडदे खाली सोडतात, तेही विजेवरच होते, म्हणून विमान नेहमीपेक्षा फार जोरात टेकलं. टेकलं, उसळलं, पुन्हा टेकलं आणि धावतच राहिलं. शमीचं झाड बाजूने गेलं. पट्टी संपली. पुढे ज्वारीच्या रानात चाकं रुतली आणि विमान थांबलं. एक ओरखडा नाही, कुणाला खरचटलं नाही.

मी इंजिन बंद केलं. तेव्हा कुठे ते थांबलं.

बाईसाहेब अजून वाकलेल्याच होत्या. उजव्या हाताच्या पेरांवरचं कातडं सोललं होतं. त्यांनी हात पदराखाली घेतला आणि मला म्हणाल्या, “तुमच्यामुळं वाचलो.” हळू म्हणाल्या, पण म्हणाल्या. मालकांनी ते ऐकलं. त्यांनी रुमालाने तोंड पुसलं, फेटा सारखा केला, दार उघडलं, आणि पंखावर पाय ठेवून उभे राहिले तोवर माणसं धावत पोचली होती. “देवीची कृपा!” मालक दोन्ही हात वर करून म्हणाले. ढोल वाजले. मिस्त्री गर्दीतून माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, “नट निगाला का वो, साहेब?” त्याचा पाना अजून फुलांत होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावणं आलं. मला वाटलं होतं शाबासकी नाही तरी दोन चांगले शब्द मिळतील. माणूस इतका खुळा असतो.

“नट ढिला आहे हे तुम्हाला माहीत होतं,” मालक म्हणाले.

“मी तुम्हाला सांगितलं होतं.”

“सांगितलं होतं ना? मग उडालात कशाला? माहीत असून माझ्या बायकोला घेऊन वर गेलात.”

मी नाही म्हणालो असतो तर नोकरी गेली असती, हो म्हणालो म्हणून नोकरी चालली होती. पूजेला दोष देता येत नव्हता, दिव्यांच्या हौसेला देता येत नव्हता, मिस्त्री बिचारा हुकमाचा ताबेदार. मग उरलं कोण? पण खरं कारण ते नव्हतंच. मी त्यांना रडताना पाहिलं होतं आणि अरेतुरे केलं होतं. असा माणूस रोज शेजारी बसवून उडणं त्यांना जमणार नव्हतं. आणि असा माणूस बाहेर मोकळा सोडणंही परवडणार नव्हतं. म्हणून त्यांनी तोडगा काढला.

“तुम्ही माणूस म्हणून चांगले आहात. मोटार चालवा आमची. खोली आहे ती राहू द्या तुमच्याकडे.”

मी मोटार चालवायला लागलो. बायको म्हणाली, काही दिवसांचा प्रश्न आहे, राग निवळेल. ती म्हणाली, बाईसाहेबांना भेटून या, त्या होत्या ना तिथे, त्या सांगतील खरं काय ते. मी बंगल्यावर गेलो. बाईसाहेब व्हरांड्यात आल्या. हात बरा झाला होता. “मी बोलून बघते ह्यांच्याशी,” त्या म्हणाल्या, पुन्हा त्या जपून जपून बोलायच्या आवाजात. दिवाळीला त्यांच्याकडून आमच्या खोलीवर फराळाचा डबा आला, इतरांपेक्षा मोठा. मी तो शुभशकुन धरला. चकल्या खात वाट बघत राहिलो. विमानासाठी कधी कधी फ्लाइंग क्लबातून एक पोरगा पायलट यायचा, मग तोही येईनासा झाला आणि विमान विकलं गेलं. शेडमध्ये कोळसा भरू लागले. माझ्या लायसन्सची मुदत अशीच एके दिवशी संपली. त्या दिवशी मी मालकांना खडकी स्टेशनवर सोडून आलो होतो, एवढं आठवतं.

दशक संपत आलं तेव्हाची ही पुढची गोष्ट. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तोवर कारखानेच कारखाने झाले होते आणि मुंबईचे बडे लोक जागा बघायला येऊ लागले होते. असा एक पाहुणा आणि त्याची बायको यांना घेऊन आम्ही पुण्याहून परत येत होतो. मालक, बाईसाहेब आणि पाहुण्यांची बायको मागे, पाहुणे माझ्या शेजारी पुढे. दापोडीचा पूल ओलांडल्यावर बोलता बोलता विमानाचा विषय निघाला आणि मालकांनी दसऱ्याची गोष्ट काढली.

गोष्ट मी अनेकदा उडत उडत ऐकली होती. कारखान्यात ती सगळ्यांना तोंडपाठ होती. पण माझ्या पाठीमागे बसून, माझ्या मानेकडे बघत, ते ती पहिल्यांदाच सांगत होते. वीज गेली. पायलटची बोबडी वळली, त्याने डोळे मिटून देवाचा धावा सुरू केला. मालकांनी त्याला दोन शब्द सुनावून भानावर आणलं, स्वतः मागे वळून दांडा फिरवला, हाताची सालटी निघाली, चाकं उतरली. “इंजिनाला काही होत नसतं हो वीज गेल्याने,” मालक पाहुण्यांना म्हणाले. “त्याची ठिणगी वेगळी असते.” माझंच वाक्य. शब्दन् शब्द. माझ्या अंगाची लाही लाही झाली. हात स्टीअरिंगवर होते म्हणून जागेवर राहिले.

पाहुण्यांच्या बायकोने बाईसाहेबांना विचारलं, “तुम्ही किती घाबरला असाल!”

“देवीची कृपा,” बाईसाहेब म्हणाल्या.

पाहुणे मनमोकळे होते. ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “तुम्ही तेव्हा होतात का हो इथे? तुम्ही पाहिलंत हे सगळं?”

मी आरशात बघितलं. मालक खिडकीबाहेर बघत होते. बाईसाहेब मात्र सरळ आरशात, माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, आता. आता या बोलतील. इतकी वर्षं मी त्या एका बाईच्या भरवशावर काढली होती. मालक काय म्हणतात याची मला पर्वा नव्हती, जग काय म्हणतं याचीही नव्हती. त्या माळावर विमान कुणी उतरवलं ते तिला ठाऊक आहे, एवढ्यावर मी रोज सकाळी तिच्याच मोटारीचं दार उघडून उभा राहू शकत होतो.

“त्यांना काय विचारता?” बाईसाहेब पाहुण्यांना म्हणाल्या. आवाज शांत होता, एकही शब्द गावाकडचा नव्हता. “ते नंतर लागले नोकरीला.”

पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर द्यायला हवं होतं.

“हो साहेब,” मी म्हणालो, “मी नंतर आलो.”

मला ते विमान उतरवताना आत बसून पाहिलेली जगात दोनच माणसं होती. पिंपरीच्या फाटकाशी मी गाडी उभी केली तोवर त्यांतलं एकही उरलं नव्हतं, आणि त्या दोघांच्या बाजूने साक्ष मी दिली होती.